दुसरी हाक

दैवशालाच्या आख्ख्या वकिलीत सांगण्यासारखी एकच केस होती, आणि ती होती बब्रुवानच्या मरणाची.

सनद मिळून तिला चार वर्षं आणि आठ महिने झाले होते. लोहाऱ्याच्या कोर्टात ती श्रीनाथ वकिलांच्या हाताखाली काम करायची. काम कसलं म्हणता, तारखा घ्यायच्या, वकीलपत्रांवर अंगठे उठवायचे आणि सरांच्या मागं फायलींचा गठ्ठा घेऊन चालायचं. बापाचं नाव श्रीमंत, धंदा मेंढरं राखायचा. लेकीच्या काळ्या कोटाचं त्याला एवढं कौतुक की तो कोट दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसे. स्वतः धुवायचा, सावलीत वाळत घालायचा आणि वाळेपर्यंत तिथंच बसून राहायचा.

अशा घरातल्या पोरीला एक दिवस मोबाईलवर दिसलं, की जिनिव्हात एक संस्था आहे. जगभरातले नवे वकील निवडते, वर्षभर ठेवून घेते, आणि माणसांच्या हक्कांसाठी मोठमोठ्या सभांपुढं कसं उभं राहायचं ते शिकवते. फेलोशिप म्हणतात तिला. दरसाल बारा जण. सनदेला पाच वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा. म्हणजे दैवशालाला यंदा नाही तर कधीच नाही. अर्जात विचारलं होतं, ‘तुम्ही लढलेली अशी एक केस सांगा, जिनं एका माणसाचं आयुष्य बदललं.’ तिनं धुरपताबाईची केस लिहिली. पहिल्या चाळणीतून नाव खाली पडलं नाही, दुसऱ्यातूनही नाही. आता राहिली होती शुक्रवारी साडेबाराची मुलाखत, तीही कॉम्प्युटरवर, आणि त्याआधी धुरपताबाईच्या सहीचं एक पत्र. पोरगी हवेत होती, आणि का नसावी हो?

आता ती केस काय होती ते ऐका. कुसळवाडीचा बब्रुवान एका सोमवारी लोहाऱ्याला कामाच्या शोधात गेला तो परत आलाच नाही. पोटी मूलबाळ नाही. दोन एकर रान त्याच्या नावावर. धाकटा भाऊ शंभू म्हणायचा, भाऊ येईपर्यंत रान मी कसतो, आणि असं म्हणत त्यानं मधला बांधच कोरून सगळं रान आपल्यात घेतलं. धुरपताबाई सात वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. कायदा म्हणतो, सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, तो मेला असं धरता येतं. दैवशालानं दावा टाकला. पण समोरचा वकील बेरकी. तो म्हणाला, साहेब, घरच्यांनीच त्याला मेलेला मानलेलं नाही, ही बाई अजून कुंकू लावते. आणि खरंच, धुरपताबाई कपाळभर कुंकू लावून कोर्टात उभी होती.

तेव्हा दैवशालानं तिला एक सल्ला दिला. वकिलाचाच सल्ला, पण तो घेतला होता गावच्याच रीतीतून. हरवलेल्या माणसाचं मढं मिळालं नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात. तीनशे साठ देठ, दर्भानं बांधलेले, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं आणि मोकळं व्हायचं. दैवशाला म्हणाली, मावशी, हे उरकून घ्या, मी फोटो काढते, फोटो कोर्टात लावते, मग कुणाच्या तोंडाला बोलायला जागा राहायची नाही.

गावात गौराबाई नावाची म्हातारी होती. आख्ख्या कुसळवाडीची बाळंतपणं तिनं केली आणि मढ्यांना अंघोळीही तिनंच घातल्या. तिनं आडवा हात धरला. “बारा वर्सं व्हऊ द्या,” ती म्हणाली. “सात वर्साचा हिशोब तुमच्या सरकारचा. आमच्यात बारा. आधी जाळलेला मानूस ना हिकडचा ऱ्हात, ना तिकडचा.” दैवशालाला हसू आलं होतं. आजी, तारीख पुढच्या महिन्यात आहे, बारा वर्षं कुठून आणू, असं ती म्हणाली.

कार्तिकात ओढ्याकाठी पुतळा जाळला. धुरपताबाईनंच अग्नी दिला. देठ भुरूभुरू जळाले, पण नारळ काही फुटला नाही. चितेत कवटी फुटावी तसा तो फुटायला हवा असतो. हा गडी घरंगळत बाहेर आला आणि वाळूत पडून राहिला, शेंडीसुद्धा धड जळालेली नाही. दहाव्याला कावळा शिवेना. दोन तास सगळे उन्हात बसले, शेवटी दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून पिंड शिववला. दैवशालानं फोटो काढले ते चितेचे. नारळाचा तेवढा काढला नाही. निशाणी बावीस म्हणून फोटो लागले, निकाल लागला, बब्रुवान कायद्यानं मेला, आणि रान धुरपताबाईच्या नावावर झालं. दैवशालाचा पहिलाच जिंकलेला दावा. बापानं त्या दिवशी पेढे वाटले होते.

तर त्या शुक्रवारच्या आधीचा बुधवार. वैशाखाचं ऊन. दैवशाला पत्राचा कागद पिशवीत घालून जीपनं फाट्यावर उतरली आणि गावाकडं चालू लागली. बारा वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाटेत डावीकडं एक अर्धवट खणून सोडलेली विहीर आहे, कडेला दगडांचा ढीग, मागं एक मोडकी, गवती छपराची कोपी. ती तिथून पुढं गेली आणि मागून आवाज आला.

“बाई…”

एकदाच. मोठा नाही, ओरडून नाही. खोल जागेतून वर यावा तसा.

दैवशालाचे पाय थांबले. ओ द्यायला तोंड उघडलंसुद्धा. पण आपल्याकडं आया पोरांना बोलायला शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवतात, की एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर त्याच्यापाशी एकच हाक असते. ती उभी राहिली. घामाचा ओघळ पाठीतून खाली गेला. दुसरी हाक येईल म्हणून तिनं किती वेळ कान दिला कुणास ठाऊक. आलीच नाही. मग ती मागं न बघता चालू लागली. जिनिव्हाला निघालेली वकीलबाई! तिची तिलाच लाज वाटली, पण पाय काही हळू पडेनात.

गावात शिरली तर भर दुपारी दारं लागलेली. चौकटींवर बिब्बे ओवलेले, लिंबं टांगलेली. कुत्रीसुद्धा घरात. धुरपताबाईच्या दाराशी जाऊन तिनं हाक मारली, मावशी म्हणून. आतून चाहूल नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा कडी निघाली. दार उघडणाऱ्या धुरपताबाईचं तोंड पाहून दैवशालाच चरकली. बाई निम्मी झाली होती.

आत गेल्यावर धुरपताबाईनं पत्राबद्दल विचारलं नाही की पाणी दिलं नाही. तिनं पानावर भाकरी आणि कोरड्यास वाढलं, मागचं दार उघडलं, तोंड दुसरीकडं फिरवून पान उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग भिंतीला टेकून बसली.

“ते येतेत,” ती म्हणाली. “होळी झाल्यापासून येतेत. दुपारचं. एकदा हाक मारतेत आन् गप बसतेत.”

कोण येतं, हे विचारायची गरज नव्हती. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, पण आवाज ओळखायला नावाची गरज पडत नाही. मग थोडं थोडं करून तिनं सगळं सांगितलं. पहिल्यांदा मेंढक्यांनी पाहिलं विहिरीपाशी. पांढराफटक, हाडाचा सापळा, तोंडभर केस. मग शंभूनं आवाज ऐकला आणि तापानं फणफणला. बाया ओढ्यावर जायच्या बंद झाल्या. हिनं मात्र पहिल्या दिवसापासून पान ठेवलं. ओ दिली नाही, बघितलं नाही, पण पान एक दिवस चुकवलं नाही.

दैवशालानं भीतभीतच पत्र पुढं केलं. पत्रात लिहिलं होतं, माझ्या पतीच्या मृत्यूचा निकाल मिळाल्यानं मला न्याय मिळाला. तिनं ते वाचून दाखवलं. धुरपताबाईनं कागदाला हात लावला नाही.

“तुमी म्हनले जाळा, म्या जाळलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “गौरामाय नको म्हनली हुती. आता ते वर बी न्हायत आन् खाली बी न्हायत. परवा अमुशा हाय. शंभूभावजींनी देवरुशी बोलीवलाय. दुपारी त्या कोपीला आग लावनारेत, मजी सुटतेल. त्ये झाल्यावर सही घ्या.”

दैवशाला उठली. भूत असतं का नसतं हा वाद तिनं घातला नाही. तिला एवढंच कळलं, की कोपीत जर माणूस असेल तर शुक्रवारी दुपारी तो खरोखरच जळणार आहे. ती एकटीच विहिरीकडं गेली. धुरपताबाईनं दारातून बघितलंसुद्धा नाही.

कोपीच्या दारात पळसाचं रिकामं पान पडलेलं होतं. आत अंधारात कुणीतरी उकिडवं बसलं होतं. दैवशालानं आधी काय पाहिलं असेल, सांगा. पाय पाहिले. शिकली-सवरली म्हणून काय झालं, उलटे आहेत का ते तिनं आधी पाहिलं. पाय सरळ होते. दोन्ही घोट्यांवर पांढरी, गुळगुळीत वळी होती, बैलाच्या खांद्यावर जू घासून पडते तशी.

तो बब्रुवान होता. म्हणजे तो म्हणाला की मी बब्रुवान. दैवशालानं त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं, निशाणी चौदा. ती लांबच बसली. पिशवीतली पाण्याची बाटली तिनं पुढं सरकवली, तसे त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि बराच वेळ खाली केले नाहीत. मग प्यायला.

त्याची हकीकत त्यानं अशी सांगितली की जणू दुसऱ्याच कुणाची सांगतोय. लोहाऱ्याच्या बाजारात एकानं काम देतो म्हणून गाडीत घातलं. दारू पाजली. उठला तर पायात साखळी. विहिरी खणायचं काम. कुठल्या गावात ते कधी कळलंच नाही, कारण फटफटायच्या आत खाली उतरवायचे आणि अंधार पडल्यावर वर घ्यायचे. एका ठेकेदारानं दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बरोबरचे बदलायचे, साखळी तीच. नऊ वर्षांत त्यानं आभाळ पाहिलं ते गोल, परातीएवढं. शेवटी माघात एका विहिरीची कड ढासळली. तो ढिगाऱ्याखाली गेला. मुकादम म्हणाला मेला, आणि बाकीच्यांना घेऊन ते निघून गेले. हा मातीतून उकरून वर आला आणि लपतछपत महिनाभर चालत राहिला.

“मग गावात का गेला नाहीत, मामा?”

“गेलो की. हाक मारली. कुनी ओ देत न्हाय.”

“दुसऱ्यांदा मारायची होती.”

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की ही बाई वेडी आहे का. विहिरीत एकच हाक, तो म्हणाला. पाणी पाहिजे तर वर एक हाक मारायची. ऐकू गेली तर बादली येते. नाही गेली तर गप बसायचं. दुसरी मारली की वरून दगड येतो. बादली तर त्या दिवशी नाहीच. एकानं, तुरीच्या दिवसात, दुसऱ्यांदा हाक मारली होती. त्याचं पुढं काय झालं हे बब्रुवाननं सांगितलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची तर मेल्यावरही गेली नव्हती.

मग त्यानं खांद्यावरचं फडकं बाजूला केलं. खांदा, छाती, पाठ, सगळीकडं कातडी तकतकीत, आकसलेली, जुन्या भाजल्यासारखी. दैवशालानं विचारलं, हे कशानं?

“ठावं न्हाय. दिवाळी हून गेली हुती. कमरंइतक्या पान्यात हुबा हुतो, थंडीचा. आन् अंगात आग उठली. पान्यात बसलो तरी इझंना. फोड आले. बाकीचे भिऊन कडंला सरले.” तो थांबला. “डोस्कं तेवढं गार ऱ्हायलं.”

दैवशालाला वाळूत पडलेला नारळ आठवला. न फुटलेला, शेंडीसकट. कातडीचा काही रोग असेल, पाण्यातलं काही लागलं असेल, असं ती पुढं कितीदा तरी स्वतःला समजावणार होती.

“मला जाळलं म्हनतेत,” बब्रुवान म्हणाला. “मेंढक्यांत बोलनं चालतंय. खरंय का?”

“खरं आहे. मीच जाळायला सांगितलं होतं.”

“मग म्या हाय का न्हाय?”

कायद्यानं याचं उत्तर ‘नाही’ असंच होतं, आणि ते उत्तर तिनंच मिळवलं होतं. मग त्यानं विहिरीत मागं राहिलेल्यांची नावं सांगायला सुरुवात केली, कुणी न विचारता. अकरा नावं. दैवशालानं पत्र उलटं केलं आणि पाठीमागं लिहून घेतली.

त्याला गावात न्यायचं तिनं करून पाहिलं. लांब फाट्यावर जीपचा आवाज झाला आणि तो लाकडासारखा ताठ झाला, मग काही केल्या हलला नाही. ती एकटीच परतली आणि लोकांना म्हणाली, माणूस आहे, जिवंत आहे, मी बोलून आले. लोकांनी ऐकून घेतलं. गौराबाईनं तेवढं विचारलं, दोनदा हाक मारली का? दैवशालाला नाही म्हणावं लागलं. विहिरीतला दगड, बादली, ती सगळं सांगायला लागली, पण लोक एकेक करून उठून गेले. मग तिच्या ध्यानात आलं, की बायका तिच्याकडंही तशाच बघतायत, तिच्या पायांकडं. फाट्यावर जायच्या आधी तिनं शंभूच्या दारात हाक मारली. आत माणसं होती, बोलणं ऐकू येत होतं. ते बोलणं थांबलं. तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.

ठाण्यात गेली तर तिथल्यानं विचारलं, फिर्यादी कोण? नाव सांगितल्यावर त्यानं मोबाईलवर निकाल वाचला, तिनंच दाखवलेला, आणि म्हणाला, मयताची फिर्याद कशी घ्यायची हो वकीलबाई? सोमवारी साहेब आल्यावर बघू. श्रीनाथ सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट नव्हते. चार वर्षांत तिच्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. ते म्हणाले, “मेलेला माणूस आणखी दोन दिवस मेला तर काय बिघडलं? आधी मुलाखत दे. शंभूला मी फोन करतो, सोमवारपर्यंत थांब म्हणून. आता हे उकरलंस तर तुझ्या केसचं काय राहील? जित्या माणसाला मेला ठरवलं, असं सांगणार आहेस त्यांना?”

तिला जायचं होतं. खोटं कशाला सांगा. तिला त्या सभांपुढं उभं राहायचं होतं, बापाला विमानतळ दाखवायचा होता, आयुष्यात एकदा कुणाच्या मागं न चालता पुढं चालायचं होतं. इकडं आड, तिकडं विहीर. गुरुवार तिनं तसाच काढला. सरांनी शंभूला फोन केला, त्यानं उचलला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता ती ऑफिसात येऊन बसली. सर कोर्टात. कोट घातलेला, कॉम्प्युटर लावलेला, पडद्यावर तिचंच तोंड. दाराबाहेरून आवाज आला.

“वकीलबाई…”

ती गप्प बसली. दुसऱ्या हाकेची वाट बघत. असेल कुणी पक्षकार, हाक मारेल पुन्हा. मिनिट गेलं. दोन गेली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय करतोय. ती उठली, दार उघडलं. जिना मोकळा. खाली रस्त्यावर नुसतं ऊन. पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, वर कुणीच गेलं नाही.

तिनं पिशवी उचलली. कॉम्प्युटर तसाच चालू राहिला.

फाट्यापासून ती पळत गेली, कोटासकट. कोपीपुढं पंधरा-वीस माणसं होती. देवरुशी हळद-कुंकवाचं रिंगण ओढून बसला होता. शंभूच्या हातात डिझेलचा डबा. आडदांड गडी, पण डोळे रडून सुजलेले. भावाला सोडवायला आला होता बिचारा. धुरपताबाई सगळ्यांच्या मागं उभी होती, तोंडात पदर धरून.

दैवशाला रिंगण ओलांडून कोपीच्या दारात जाऊन उभी राहिली. लोक चरकून मागं सरले. तिला धाप लागली होती. कायद्याचं एकही कलम तिला आठवेना. तिनं देवरुशालाच विचारलं, “बाबा, भूत दुसरी हाक मारतं का?”

“न्हाय. त्याला येकच.”

“सगळ्यांना मान्य?”

मान्य म्हणजे काय, ते तर पोराटोरांनाही ठाऊक होतं. माना हलल्या. मग याला दुसरी हाक मारू द्या, ती म्हणाली. नाही मारली तर मी बाजूला होते.

ती आत वाकली. तो कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मामा, मावशी बाहेर उभ्या आहेत, हाक मारा, असं ती म्हणाली. त्यानं मारली. “धुरपता…” खोलातून वर आल्यासारखी. बाहेर कुणाच्या तरी तोंडून रामराम निघालं. ओ कुणीच दिली नाही.

आता अजून एकदा, ती म्हणाली. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. त्याचं सबंध अंग दगडाची वाट पाहत होतं. ओठ हलायचे, आवाज फुटत नव्हता. बाहेर शंभूनं डब्याचं झाकण काढलं, वास आत आला. तेवढ्यात दैवशालाच्या पिशवीत फोन वाजला. साडेबारा. पडद्यावर लांबलचक परका नंबर. वाजून वाजून तो थांबला. मग पुन्हा वाजायला लागला. त्या बिचाऱ्यांनीही तिला दोनदा हाक मारली होती. तिनं ओ दिली नाही. तिनं आपला कोट काढला आणि बब्रुवानच्या डोक्यावर धरलेल्या हातांवर घातला.

“मामा, वर मुकादम नाही,” ती म्हणाली. “दगड आला तर माझ्या अंगावर येईल. हाक मारा.”

आधी नुसती घरघर आली. मग काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तो ओरडला, “धुरपता!”

शंभूच्या हातातला डबा पडला. डिझेल वाळूत जिरत गेलं, तेवढाच आवाज. देवरुशी उठून उभा राहिला. कुणी जागचं हलेना. आणि मागून, पदर तोंडातून काढून, धुरपताबाई म्हणाली, “ओ. आले.” आणि रिंगण तुडवत ती आत गेली.

गौराबाईनं मग आपल्या हातानं त्याला अंघोळ घातली, मढ्याची नव्हे, तान्ह्या बाळाची. जाळलेला माणूस परत आला तर त्याचा पुन्हा जन्म करावा लागतो म्हणून तिनं पन्नाशीच्या बब्रुवानचं बारसं केलं, कानात तेच नाव सांगितलं, गावभर घुगऱ्या वाटल्या. शंभू सगळ्यांत जास्त रडला आणि सगळ्यांत जास्त घुगऱ्याही त्यानंच खाल्ल्या. दैवशालानं स्वतःच मिळवलेला निकाल रद्द करायचा अर्ज टाकला. मयत अर्जदार कसा, म्हणून कारकुनानं तो दोनदा परत केला, तिसऱ्यांदा घेतला.

जिनिव्हाहून पत्र आलं. सभ्य होतं. आपण मुलाखतीला हजर नव्हता, पुढील वाटचालीस शुभेच्छा. चार महिन्यांनी तिच्या सनदेला पाच वर्षं पूर्ण झाली. ती रडली का? रडली. बापानं कोट धुतला, पण बब्रुवानला बाहेर आणताना लागलेला डिझेलचा डाग काही निघाला नाही.

बब्रुवान आता रानात काम करतो. कुणालाही हाक मारताना दोनदा मारतो, माणूस समोर उभा असला तरी. धुरपताबाई पहिल्याच हाकेला ओ देते आणि तरी दुसरी येईपर्यंत थांबते.

सहीचं ते पत्र दैवशालाच्या टेबलाच्या काचेखाली आहे, उलटं. अकरा नावं. त्यातले कुणी सापडले नाहीत अजून. पोलिसांकडं, आयोगाकडं, जिथं म्हणून कागद जातो तिथं तिनं पाठवलेत. बाजाराच्या दिवशी ती स्वतः फिरते, विहिरीचं काम चालू असेल तिथं कडेला जाऊन उभी राहते आणि खाली वाकून बघते. लोक म्हणतात, पोरीवर कुसळवाडीचं काहीतरी राहिलंय. कारण चालता चालता ती मध्येच थांबते आणि कुणीच हाक मारलेली नसताना “ओ” म्हणते. बाप म्हणाला, अगं, दुसरी हाक येऊ दे तरी. ती म्हणाली, “आबा, त्यांना दुसरी मारता येत नाही.”